बिलकुल बराबर

परवा आमच्या गच्चीतून पाणी झिरपायला लागलं. मुलानं मोबाईलवर दोन ठिकाणी बोट टेकवलं आणि तासाभरात एक माणूस आला. तो वर गेला, फोटो काढून खाली आला आणि म्हणाला, ‘आजी, वॉटरप्रूफिंग करावं लागेल.’ मी म्हटलं, ‘म्हणजे नेमकं काय काय करणार, ते साध्या शब्दांत सांगा.’ त्यानं सांगितलं. मी परत विचारलं. मग जे मला कळलं होतं ते मीच त्याला सांगून दाखवलं आणि ‘असंच ना?’ म्हणून पक्कं करून घेतलं. मुलगा वैतागला. ‘आई, किती चौकशी करशील, त्यांना त्यांचं काम कळतं.’ काम कळतं याबद्दल माझी तक्रार नव्हती. लहानपणी आमचं मातीचं छत करणाऱ्या कासिमभाईंनाही काम कळत होतं. त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. एकाचा शब्द दुसऱ्याला कसा कळतो एवढीच माझी चौकशी असते, आणि तिला कारण आहे.

जालन्यात मस्तगडला आमचं तीन खोल्यांचं धाब्याचं घर होतं. धाबं म्हणजे मातीचं छत. खाली लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा थर, त्यावर माती, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा लेप. पांढरी माती पाणी आत घेत नाही. पण वर्षभरात ती ऊनवाऱ्यानं झिजते, तिच्यात गवत उगवतं, मांजरं उकरून ठेवतात. म्हणून पाडवा झाला की गल्लीतल्या घराघरावर माणसं चढलेली दिसायची. जुनं गवत उपटायचं, नवी माती पसरायची, ती भिजवायची आणि चोपण्यानं चोपायची. चोपणं म्हणजे धोपाटण्याचाच जाडजूड भाऊ. चैत्रात आमच्या गल्लीत सकाळपासून तो थपथप आवाज चालायचा. जेवताना ताटात चिमूटभर माती पडायचीच. आई म्हणायची, ‘खा, घराचंच हाय.’

तीन खोल्यांपैकी मधली स्वयंपाकाची. तिला खिडकी नव्हती, कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. तिथे उजेड यायचा तो साण्यातून. साणं म्हणजे धाब्याला ठेवलेलं भोक, हातभर लांब-रुंद. त्यातून चुलीचा धूर वर जायचा आणि ऊन खाली यायचं. पाणी आत येऊ नये म्हणून त्याच्याभोवती वर मातीची उंच कड असायची, आणि पाऊस आला की पत्र्याचं झाकण ओढून घ्यायचं. त्या साण्यातून खाली पडणारा कवडसा हे आईचं घड्याळ होतं. सकाळी तो देवळीवर असायचा, तिथून भिंतीनं उतरत जमिनीवर यायचा, मग रांजणाकडे, मग जात्याकडे. रांजणाच्या बुडाला तो टेकला की आई मान वर न करता म्हणायची, ‘कुसमे, निघ.’ मी दप्तर उचलायची. ऋतू बदलला की कवडसाही सरकायचा, पण आईचा अंदाज चुकायचा नाही. मला शाळेत कधी उशीर झाला नाही.

वडिलांना मी नाना म्हणत असे. नाना शाळामास्तर होते. उर्दूत शिकलेले आणि उर्दूतच शिकवत आलेले. मग राज्य बदललं, शाळेत मराठी आली, आणि नानांना पोरांचं गणित नव्यानं मराठीत शिकवायची वेळ आली. गणित तेच, पण शब्द सापडेनात. त्यांनी एक वही केली होती. डाव्या बाजूला उर्दू शब्द, उजव्या बाजूला मराठी. संध्याकाळी चुलीपाशी जेवायला बसले की वही माझ्या हातात द्यायचे. मी म्हणायची, ‘तफरीक.’ ते घास गिळून म्हणायचे, ‘वजाबाकी.’ मी म्हणायची, ‘जरब.’ ते म्हणायचे, ‘गुणाकार.’ चुकले की आई हसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रोज ऐकून तिची उत्तरं नानांच्या आधी तयार असायची. राजूरकडच्या खेड्यात वाढलेली माझी आई भाकरी थापता थापता ‘लघुत्तम साधारण विभाज्य’ म्हणून दाखवायची आणि नानांकडे बघायची.

ती पौषात गेली. तीन दिवसांचा ताप आला, चौथ्या दिवशी सकाळी ती नव्हती. मी तेरा वर्षांची होते. त्या दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही, आणि जे आठवतं ते दुसऱ्या कुणाच्या घरातलं असावं असं वाटतं. बायका आल्या, गेल्या. शेजारच्या मारवाडी काकी दोन वेळा डबा पाठवायच्या. त्यांच्या खिचडीत तूप फार असायचं, एवढं पक्कं आठवतं. मी रडले नाही. बायकांना त्याची काळजी वाटायला लागली. ‘रडव गं तिला,’ असं त्या एकमेकींना सांगायच्या. मला जवळ ओढून आईची आठवण काढायच्या, तिचं लुगडं माझ्या मांडीवर ठेवायच्या. मी त्याची घडी घालून ट्रंकेत ठेवून यायची. मला दुःख होत नव्हतं. काहीच होत नव्हतं. खाली बसले की बसून राहायची आणि कुणी ऊठ म्हटलं की उठायची.

नाना स्वयंपाकघरात येईनासे झाले. मी भाकरी केली की ताट बाहेरच्या खोलीत नेऊन द्यायची, ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. वही खुंटीवरच्या पिशवीत गेली. आमच्यात बोलणं असं उरलं नव्हतं. ‘मीठ?’ ‘हं.’ ‘पाणी?’ ‘राहू दे.’ असा संसार आम्ही दोघांनी होळीपर्यंत केला.

होळीला हसनाबादहून आत्या आली. नानांची थोरली बहीण, शेतीवाडीच्या घरातली, कर्त्या बाईचा आवाज असलेली. तिनं घरभर नजर फिरवली, पिठाचा डबा उघडून बघितला, माझे हात उलटेपालटे करून चटके पाहिले. मग नानांसमोर बसून म्हणाली, ‘भाऊ, पोरीला मी घेऊन जाते. तिला कोण हाय हितं? तू दिवसभर शाळेत. हसनाबादला चार माणसांत राहील, कामधंदा शिकंल. दोन वर्सांत एखादं ठिकाण बघू.’

नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

‘माझी शाळा?’ हे मीच विचारलं. मलाच माझा आवाज अनोळखी वाटला.

‘हसनाबादला पोरींना चौथीच्या म्होरं शाळा न्हाई,’ आत्या म्हणाली. ‘आन् शिकून काय करून राह्यलीस तू?’

माझ्या आत सगळं बधिर होतं, पण एक गोष्ट मला स्वच्छ कळत होती. मला हसनाबादला जायचं नव्हतं. नाना वाईट वाटून घेतील, आत्या रागावेल, असले विचारही नव्हते. मला या घरातून हलायचं नव्हतं, बस्स. मी म्हटलं, ‘मला घर सांभाळता येतं.’

 आत्या कठोर होती, पण अन्यायी नव्हती. तिनं बोट वर करून छत दाखवलं. ‘तुझी माय दर साली धाबं करून घ्यायची. भाऊला त्यातलं वो की ठो कळत न्हाई. तू घे करून. आखितीला मी तुझ्या मायच्या नावाची घागर भराया येनार हाय. तवर धाबं झालेलं दिसलं, तर ऱ्हा. न्हाई तर मुकाट्यानं गाडीत बसायचं. मंजूर?’

‘मंजूर,’ मी म्हटलं. म्हणजे अक्षयतृतीयेपर्यंतची मुदत मिळाली.

आमच्या धाब्याचं काम कासिमभाई करत. पण ते कधी आपणहून येत नसत. आमच्याकडे रीत अशी होती की चोपणं घरमालकिणीच्या ताब्यात, दाराआड उभं असायचं. पाडव्यानंतर तिनं निरोप धाडायचा, आणि कारागीर आला की चोपणं आपल्या हातानं त्याच्या हातात द्यायचं. ते दिलं की काम ठरलं. मग बोलाचाली, घासाघीस काही नाही. काम संपलं की तो ते धुऊन परत दाराआड ठेवून जायचा. आई असताना निरोप कुणाबरोबर जायचा मला माहीत नव्हतं. पाडवा होऊन गेला, गल्लीत थपथप सुरू झाली, आमचं धाबं तसंच. एके सकाळी मी चोपणंच खांद्यावर घेतलं आणि विचारत विचारत कासिमभाईंच्या मोहल्ल्यात गेले. वाटेत लोक बघत होते. एका दुकानदारानं ‘काय कुसुमबाई, कुणाला चोपायला निघाल्या?’ असंही विचारलं. एरवी मी लाजून मेले असते. तेव्हा काहीच वाटलं नाही.

कासिमभाई ओट्यावर बसून चहा पीत होते. पांढरी दाढी, हाताच्या भेगांत पांढरी माती कायमची बसलेली. मला बघून ते उठून उभे राहिले. मी चोपणं पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, आडवं धरलं आणि त्याच्याकडेच बघत राहिले.

‘बाई गेल्या, आम्हाला मालूम हाय,’ ते म्हणाले. ‘कोन बुलायेंगे, असं वाटून राह्यलं होतं. उद्या येतो, बेटा.’

दुसऱ्या दिवशी त्यांची दोन गाढवं पांढऱ्या मातीची पोती घेऊन दारात आली. पाच-सहा दिवसांचं काम होतं. कासिमभाई एकटेच करत. मी मारवाडी काकींची शिडी लावून वर पाणी पोचवायची, शाळेला जायची, येऊन परत पाणी पोचवायची. दुपारचं जेवण त्यांना आमच्याकडेच असे. आईची येसराची आमटी त्यांना फार आवडायची. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. आमच्याकडे ते उन्हाळ्यात एकदा करून बरणीत वर्षभर ठेवतात. बरणीत आईच्या हातचं थोडं येसर उरलं होतं. मी ते खरवडून काढलं आणि आमटी केली. आईचं येसर संपलं, हे भांडं घासताना माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं एवढंच. मी बरणी उन्हात पालथी घातली.

कासिमभाई आमटी भुरकून म्हणाले, ‘बाईंच्या हाताचीच हाय.’ मी म्हटलं, ‘हो.’

आता शब्दाची गोष्ट सांगते. आमच्या जालन्याकडे ‘बराबर’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. बराबर बस, बराबर जेव, पोरगा बराबर शिकतो का. बराबर म्हणजे नीट. घरात मी तो दिवसातून दहा वेळा ऐकायची. पण शिडी चढून धाब्यावर गेलं की त्या शब्दाचा अर्थ बदलतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धाबेवाल्यांच्या बोलण्यात बराबर म्हणजे सपाट. खड्डा बराबर केला म्हणजे बुजवला. उंचवटा बराबर केला म्हणजे उडवला. आईला ते माहीत असणार. मी आठवून बघते तेव्हा ती कासिमभाईंना ‘कड उचला’, ‘इथं उतार ठेवा’ असंच म्हणताना ऐकू येते, ‘बराबर’ म्हणताना एकदाही नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी कासिमभाईंनी मला वर बोलावलं. साण्याभोवतालची कड ढासळली होती. एका बाजूनं तर धाब्याच्या पातळीला आली होती. ‘याचं काय करायचं, बेटा?’ त्यांनी विचारलं. दर साली हे ते आईला विचारत असावेत. मला शाळेची घाई होती. शिवाय मला मोठ्या बाईसारखं बोलायचं होतं, त्यांच्याच बोलीत, म्हणजे ते मला लहान समजणार नाहीत आणि आत्यापर्यंत काही जाणार नाही. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, ‘बराबर कर दो.’

ते थांबले. ‘पूरा? बिलकुल बराबर?’

‘बिलकुल,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, असं आता वाटतं. मग म्हणाले, ‘अच्छा, बेटा. जैसा तुम बोलो.’ मी शिडी उतरले आणि शाळेत गेले. त्या दिवशी गणिताच्या तासाला मला फळ्यावर बोलावलं होतं आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं, हेही आठवतं.

परत आले तेव्हा उन्हं होती. पायऱ्यांवर, ओट्यावर, बाहेरच्या खोलीत, सगळीकडे लख्ख उजेड. मी दप्तर ठेवलं, स्वयंपाकघराच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि माझा पाय परातीवर पडला. परात मला दिसलीच नव्हती. काहीच दिसत नव्हतं. मी दारातच उभी राहिले. हळूहळू चूल दिसली, रांजणाचा गोल दिसला. मग मी वर बघितलं. जिथे आभाळ असायचं तिथे एक काळी फरशी होती.

मी शिडीवर चढले. कासिमभाई पन्हळीपाशी शेवटचा हात मारत होते. धाबं इकडून तिकडे ओलं, पांढरं, एकसारखं पसरलं होतं. साणं कुठे होतं तेसुद्धा कळत नव्हतं.

‘साणं?’ मी विचारलं.

‘बराबर केलं, बेटा. बिलकुल.’ ते चोपणं टेकून म्हणाले. ‘शहाबादी फरशी टाकली, वरून माती चोपली. एक बूंद येनार न्हाई. आता आठ दिवस वर पाय नक्को ठेवू. माती बसून राह्यली.’

मला त्याच क्षणी सगळं कळलं. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं आणि मी दोनदा हो म्हटलं होतं. आता उकरायला सांगितलं तर ओलं धाबं बिघडणार, आणि परवा अक्षयतृतीया, परवा आत्या येणार. कासिमभाई माझ्याकडे मायेनं बघत होते. मला वाटतं, त्यांची समजूत झाली होती की आईच्या बसायच्या जागेवर पडणारं ऊन या पोरीला बघवत नाही. मी म्हटलं, ‘छान झालं.’ त्यांनी चोपणं धुतलं, दाराआड उभं केलं आणि गाढवं घेऊन ते गेले. मी आत जाऊन चिमणी लावली आणि दिवसाउजेडी पीठ मळायला बसले. आता रडू येईल असं मला वाटत होतं. मी वाट बघितली. आलं नाही.

अक्षयतृतीयेला आत्या सकाळीच आली. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं शिडीच्या वरच्या पायरीवरून धाबं बघितलं. खाली येऊन पदरानं हात पुसत म्हणाली, ‘काम झकास झालंय.’ मग घागर घेऊन ती स्वयंपाकघरात शिरली आणि थबकली.

‘हे काय गं? साणं कुठं गेलं?’

मी चुलीपाशी बसले होते. नाना तिच्या मागे दारात उभे होते. चूक झाली म्हणावं, तर हिला घर सांभाळता येत नाही हे ठरणार. माझ्या तोंडून जे निघालं ते अक्षरशः खरं होतं. मी म्हटलं, ‘मीच सांगितलं तसं करायला.’

 आत्यानं अंधारात जात्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग एवढी करडी बाई खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. ‘लेकरू बोलत न्हाई,’ ती नानांना म्हणाली, ‘पन आत किती जाळ हाय बघ त्याच्या.’ मला आश्चर्य वाटलं. माझ्या आत काहीही नव्हतं, आणि तिला ते छतावर दिसत होतं.

नाना म्हणाले, ‘बरं केलंस, कुसुम.’ आई गेल्यानंतरचं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य असेल.

आईच्या नावाची घागर भरून झाली. ताटं वाढायची वेळ आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे नानांचं ताट उचलून बाहेर निघाले. ‘राहू दे,’ नाना म्हणाले आणि आत येऊन चुलीपाशी त्यांच्या जुन्या जागेवर बसले. चिमणीच्या उजेडात त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. मी ताटाकडे बघत विचार करत होते: हे असं आहे तर. त्यांनाच तो कवडसा बघवत नव्हता. अंधार झाला म्हणून ते आत आले. आत्या दुसऱ्या दिवशी एकटीच गाडीत बसली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, ‘तू ऱ्हा. तू लई मोठी झालीस.’

मी राहिले. घर राहिलं, शाळा राहिली, आणि अंधारही राहिला. चार वर्षं मी त्या खोलीत दिवसा चिमणी लावून स्वयंपाक केला. धूर जायला दारच उरलं होतं. माझे डोळे कायम लाल असायचे आणि लोकांना वाटायचं मी रडते. शाळेला मात्र उशीर व्हायला लागला, कारण आत किती वाजले ते कळायचं नाही. दर पाडव्यानंतर कासिमभाई यायचे, मी चोपणं द्यायची, ते विचारायचे, ‘साणं?’ मी म्हणायची, ‘असू द्या तसंच.’ नाना रोज आत जेवायचे. वही पुन्हा खुंटीवरून खाली आली. मी चिमणी जवळ ओढून शब्द विचारायची. साणं उघडलं की नाना परत भिंतीकडे तोंड करून बसतील, याची मला खात्री होती. आता या वयात कुणी विचारलं की त्या चार वर्षांत तुला काय वाटत होतं, तर मला सांगता यायचं नाही. जड पांघरूण घेऊन वावरावं तसं होतं, आणि सवयीनं त्याचंही ओझं वाटत नव्हतं.

मॅट्रिक झाले. औरंगाबादला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला माझी निवड झाल्याचं पत्र आलं. मी ते पत्र वहीत घालून ठेवलं आणि जाणार नाही म्हणून सांगून टाकलं. नाना ‘बरं’ म्हणाले. मी गेले असते तर त्यांना अंधारात कोण वाढणार होतं?

त्याच महिन्यात, त्या वर्षी लांबलेलं धाब्याचं काम निघालं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. वर थपथप चालली होती. एकाएकी ती थांबली, काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, मातीची ढेकळं भदाभदा खाली पडली आणि पाठोपाठ ऊन. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खोलीच्या मधोमध धुळीचा एक खांब उभा होता आणि वर चौकोनात कासिमभाईंची दाढी दिसत होती.

‘कुणी सांगितलं?’ मी ओरडले.

‘मी,’ नाना दारातून म्हणाले. ते आत आले, ढेकळं पायानं बाजूला सारून बसले. ‘चार वर्षं झाली, कुसुम. आता पुरे. तुला अंधार हवा होता, मी काही म्हटलं नाही. पण असं किती दिवस?’

‘मला?’ मी म्हटलं. ‘मला कशाला हवा होता? तुम्हाला हवा होता.’

‘मला?’

‘मग तुम्ही आत जेवायला का आलात? उजेड होता तेव्हा येत नव्हतात.’

नानांनी चष्मा काढला. ‘तू अंधारात एकटी बसली असतीस,’ ते म्हणाले. ‘म्हणून आलो.’

भाकरी तव्यावर करपत होती. मी ती उलटली नाही.

‘पण मग तू बंद कशाला करून घेतलंस?’ त्यांनी विचारलं.

‘मी बंद करायला सांगितलं नव्हतं, नाना. मी फक्त म्हणाले होते, बराबर करा.’

वरून कासिमभाईंचा आवाज आला. ‘बिलकुल बराबर, असं बोल्ली होती तू. आम्ही दोनदा पूछलं.’

नानांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मास्तर माणूस, त्यांच्या ओठांवर आधी दुरुस्तीच आली. ‘दुरुस्त,’ ते म्हणाले. ‘दुरुस्त करा म्हणायचं असतं, बेटा. बराबर म्हणजे…’ आणि त्यांना पुढचं बोलता येईना. ते हसत होते की काय ते मला कळेना. मी हसायला लागले, आणि हसता हसता माझ्या घशातून एक भलताच आवाज निघाला. मग मी रडले. आई गेली होती, आणि ते मला त्या सकाळी समजलं. पिठाच्या हातांनीच मी तोंड झाकून घेतलं आणि आई आई म्हणत रडले. नानांनी मला गप्प केलं नाही. वर कासिमभाई कडेवरून बाजूला झाले, ऊन आणखी आत आलं.

किती वेळ गेला कोण जाणे. माझं रडू ओसरलं तेव्हा नाना जमिनीकडे बघत होते. कवडसा रांजणाकडे सरकत होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. तो रांजणाच्या बुडाला टेकला. नानांनी वही ओढली, तिच्यातलं औरंगाबादचं पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि मान वर न करता म्हणाले, ‘कुसमे, निघ.’